पायानं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कमलबाई

कमलबाईंनी आम्हाला कॉम्प्युटर पायानं शिकवला. हसू नका. मंचरच्या अलीकडं बटाट्याच्या बियाण्याचं जे कोल्ड स्टोरेज आहे, त्याच्या शेडात जाऊन बघा. फरशीवर खडूच्या रेघा अजून आहेत.

मी तिथला मुकादम. एकतीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत, त्यातली दोन वर्षं गुरांमागं गेली. पण कुठल्या शेतकऱ्याची गोणी कुठल्या खोलीत, कितव्या थरात, ते मला झोपेतून उठवून विचारा. खोल्यांची नावंही मीच ठेवलेली. जिथं थंडी कमी बसते आणि आत गेलेला हमाल लवकर बाहेर निघत नाही, ती सासुरवाडी. जिथं दात वाजतात आणि माणूस परत येईल याची खात्री नसते, ती काशी. छतातून पाणी ठिबकतं ती रडकी. या नावांवर कोल्ड चालत होतं, आणि चांगलं चालत होतं.

आमचे शेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथल्याच. मराठी आमच्याहून शुद्ध बोलतात. त्यांच्या पुण्याच्या व्याह्यांकडं सगळा माल टॅबवर दिसतो. मग आपल्याकडं दिसायला नको? माणूस व्याह्यांसाठी काय काय करतो. टॅब आले, आणि खोल्यांना नवी नावं आली: ए-एक, बी-चार. शेठ सगळ्यांना उभं करून म्हणाले, "दसऱ्यापर्यंत शिका. ज्याला टॅबवर गोणी सापडेल तो मुकादम. नाही सापडली तर शेडात बटाटे निवडायला बसायचं." हे माझ्याकडं न बघता म्हणाले. म्हणजे मलाच म्हणाले.

शिकवायला आधी पुण्याहून टाय लावलेला एक साहेब आला. दोन दिवस इंग्रजी बोलला. "समजलं का?" विचारल्यावर आम्ही सगळे हो म्हणालो. पाव्हण्याचं मन कशाला मोडायचं? तिसऱ्या दिवशी त्यालाच ताप आला.

मग शेठनी डिंभ्याहून कमलबाई आणल्या. बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पोरांची वजनं मोबाईलमध्ये भरता भरता त्यांना हे शास्त्र अवगत झालेलं. मी म्हटलं, चला, शेठला आमची इयत्ता एकदाची कळली.

आल्या आल्या बाईंनी पिशवीतून खडू काढला आणि फरशीवर टॅबच्या पडद्याचं चित्र काढलं, दोन खाटा मावतील एवढं. त्यात चौकोन: आवक, जावक, शोधा, मागे.

"बोट घाबरतं, पाय घाबरत नाय," बाई म्हणाल्या. "चल बाळा, आवकवर हुबा राहा."

बाळ म्हणजे मी. वय सत्तर.

"बाई, मला नातवंडं हायेत."

"असू दे की बाळा. त्यान्ला बी घिऊन ये."

मी हाताची घडी घालून भिंतीला टेकलो, तो महिनाभर तिथंच. पण बाकीचेही हलेनात. अक्षरावर पाय कसा द्यायचा? बाईंनी तोडगा काढला: आधी वाकून नमस्कार, मग पाय. झालं, धर्म राखला गेला. हमाल लंगडी घातल्यासारखे चौकोनांवरून उड्या मारायला लागले.

आमचा निवृत्ती हमाल भलता भाविक. खरा टॅब हातात आल्यावर त्यानं तो आधी कपाळाला लावला, रीतसर तीनदा. कपाळानं 'जावक' तीनदा दाबलं गेलं आणि तीन ट्रक बियाणं रवाना झालं. गोण्या जागच्या जागी, दारात ट्रक नाही, ड्रायव्हर नाही. शेठ धावत आले. बाई शांत.

"मोडलं का काय? नाय ना? मग परत घेऊ."

हे त्यांचं ठरलेलं. पडद्यावर गोल चक्र फिरत बसलं की म्हणायच्या, "ती डिंभ्याची गाडी हाय. येती. कवा, ते इचारायचं नाय." त्यांना अनुभव होता. त्या त्याच गाडीनं यायच्या, कधी आठला, कधी अकराला. संध्याकाळी मात्र बाईंना गाडीची घाई नसे. आम्ही हातपाय धुऊन निघालो तरी यांचं "आजून एकदा घेऊ" चालूच. मी एकदा म्हटलं, "बाई, गाडी चुकंल."

"चुकू दे. घरी माज्यावाचून कुणाचं दूध उतू चाललंय?"

मला वाटलं, अंगणवाडीची खोड.

मला त्यांनी पुन्हा आवकवर बोलावलं नाही. दुपारी डबा घेऊन शेजारी बसायच्या आणि विचारायच्या, "बाळा, हिला सासुरवाडी का म्हंत्यात? आन् ही रडकी कवापास्नं रडती?" मी सांगायचो. विचारलेलं कुणाला आवडत नाही? बाई गोल अक्षरात वहीत लिहून घ्यायच्या. मी समजलो, गाडीत बायकांना हसवायला मसाला गोळा करतायत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी परीक्षा. शेठ खुर्ची टाकून बसले. मला म्हणाले, "पिंपरी पेंढारच्या शेतकऱ्यांच्या गोण्या शोधा." त्या रडकीत होत्या, मागच्या भिंतीला. सांगायला अर्धा श्वास पुरला असता. पण टॅब हातात दिला होता. बटाटे निवडायची तयारी मी मनानं केलीच होती.

'शोधा' कुठं असतं ते मला ठाऊक होतं. महिनाभर भिंतीला टेकून दुसरं काय केलं होतं? बोट ठेवलं. चक्र फिरलं. डिंभ्याची गाडी आली. मी अक्षर लावत वाचलं: सासुरवाडी. काशी. रडकी. ए-एक कुठंच नाही.

शेठ म्हणाले, "बाईंनी त्या कंपनीवाल्यांचं फोनवर डोकं खाल्लं. म्हणाल्या, घरातल्या खोल्यांची नावं पाव्हण्यानं शिकावीत, पाव्हण्यासाठी घरच्यांनी बदलू नयेत."

मी रडकीवर बोट ठेवलं. गोण्या सापडल्या.

"चला, सगळे पास," शेठ उठले. "बाई, आता तुम्हाला रोजची ये-जा नको."

सगळे चहाला गेले. बाई गेल्या नाहीत. त्यांनी फडकं ओलं केलं, फरशीवर बसल्या आणि पडद्याचा एक कोपरा पुसायला लागल्या. तेवढाच. परत परत तोच. तेव्हा मला ते उतू न जाणारं दूध आठवलं.

मला एखादी गोष्ट येत नाही, असं सत्तर वर्षांत मी कुणापुढं म्हटलेलं नाही, बायकोपुढंसुद्धा. मी चपला काढल्या. वाकून नमस्कार केला आणि आवकवर जाऊन उभा राहिलो.

"बाई, हे मला आजून जमत नाय."

बाईंनी माझ्या पायांकडं बघितलं. मग फडकं पिळून बाजूला ठेवलं आणि पुसलेल्या कोपऱ्यात खडूनं रेघ ओढली.

"मोडलं नाय ना, बाळा? मग परत घेऊ. दसरा झाला की येते."