उस्मानभाईंच्या हौदातला फुगा

फुगा आला होता. मोहरीएवढा, पण आला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला आणि खुशाल "न्हाय" म्हणून सांगितलं. तेव्हा मी तरणी होते, म्हणजे नुकती साठीची, आणि अक्कल यायला अजून अवकाश होता.

सांगितलं ते उस्मानभाईंना. इंदापूरच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. उजनीच्या पाण्यात फिरणाऱ्या बोटींची इंजिनं तिथं दुरुस्त होतात. इंजिनाचा धूर ज्या बिडाच्या नळकांड्यातून बाहेर पडतो, ते हेडर. त्याच्या अंगाभोवती थंड पाणी खेळवलेलं असतं. हेडरला बारीक चीर गेली की ते पाणी थेट इंजिनाच्या पोटात. म्हणून उस्मानभाई हेडरची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्या लावून आवळतात, सायकलच्या पंपानं आत हवा भरतात आणि सिमेंटच्या हौदात बुडवतात. पाण्यात हवेचा फुगा आला की हेडर नापास.

पण ही तपासणी म्हणजे सोहळाच. पंखा बंद, मोबाइल बंद. गिऱ्हाइकानं उलट्या क्रेटवर बसून नाक पाण्याला टेकेस्तोवर वाकायचं आणि उस्मानभाई डोळे मिटून पंप मारणार. "तुमी बघा, मी ऐकतो." कोणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी गावभर सांगत फिरायचे, "मेकॅनिक डुलक्या काढतो आन् गिऱ्हाईक राबतं!"

हौदाबाहेरही उस्मानभाईंची ही खोड सुटत नाही. लेकीसाठी थर्मास घ्यायला ते बारामतीला गेले, तर दुकानात बादली मागितली. थर्मास बुडवला आणि दुकानदारालाच वाकवलं. "बघा शेठ, फुगा हाय का?" आता तो दुकानदार उस्मानभाई लांबून दिसले तरी बादली लपवतो.

तर त्या दिवशी मला घाई होती. जळोचीच्या विहीणबाई दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पळसदेवला येणार होत्या. "आमच्या बोटीतनं रोहित पक्षी दाखवते," असं मी फोनवर मिरवून बसले होते. आमचं हेडर नापास झालं असतं तर बोट काठावर आणि माझं नाक पाण्यात.

"वैनी, फुगा?"

"न्हाय."

"नीट बघा. घाई न्हाय."

"न्हाय म्हणते ना! किती वाकवता म्हातारीला?"

एरवी तरणी आणि वाकायची वेळ आली की म्हातारी, हा माझा नेहमीचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी ऐन मधल्या पाण्यात इंजिनानं दोन आचके दिले आणि गप्प झालं. विहीणबाई नवी कोरी पैठणी सावरून बसलेल्या. आमचे मालक वल्हं मारून घामाघूम. पक्षी आमची फजिती बघून निवांत उडून गेले. शेवटी एका मासेमाऱ्यानं दोर बांधून ओढत आणलं. उतरताना विहीणबाई गोड हसल्या. "बोट झ्याक हाय बरं का, इहीनबाई. थांबती तर लईच झ्याक!"

एवढ्यावरही मला शहाणपण आलं नाही. हेडर रिक्षात घालून मी भांडायलाच शेडवर गेले. तुमीच तर पास केलं हुतं, हे वाक्य वाटेत चार प्रकारे म्हणून बघितलं.

उस्मानभाईंनी आधी विचारलं, "पाण्यात कुणाला काय झालं न्हाय ना?" मग हेडरवरून सावकाश बोटं फिरवली, जशी गाभण शेळीवरून फिरवावीत. एका जागी बोट थांबलं. चीर होती.

"चीर मागनं गेली आसंल, पण त्या दिशी फुगा नसताना मला बुडबुड ऐकू आली. माझाच कान गेला म्हणायचा," ते हळूच बोलले. "उद्यापासनं शेड बंद, वैनी. बोटीत माणसं बसत्यात." आणि पंपाची नळी गुंडाळायला लागले.

तेव्हा मात्र ती चारही वाक्यं मी बाजूला ठेवली. "उस्मानभाई, फुगा आला हुता," मी म्हटलं. "मी बघितला आन् खोटं बोलले."

त्यांचे हात थांबले. रागावतील म्हणून मी पदर सावरला. पण त्यांनी नळी परत सोडली, उलटा क्रेट पायानं माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले,

"अल्ला! मग कान शाबूत हाय म्हणायचा. वैनी, डोळ्यांनी फुगा दिसायचा कवाच बंद झालाय मला. कुणाला बोलू नका. बसा हितं, आन् सांगा, कुठनं येतोय?"