दत्तूआण्णांची सात फुटी गल्ली

दत्तूआण्णा सामान डोळे मिटून घेतात. दुकानात पत्रा, पॉलिशपेपर, गोणपाट, जे हाताला येईल त्यावरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "बोलतंय ह्ये," नाहीतर, "मुकं हाय, ठेवा तिकडं." एका हार्डवेअरवाल्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पावणं, ह्यांच्या घरी कोण हाय का?"

घरी कोणी नाही. लग्न केलं नाही. मी शेजारी, त्यात माझा टेम्पो, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात. जन्मभर त्यांनी उचगावच्या एका फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने कोरले. रिटायर झाले आणि मनानं घेतलं की आमची अख्खी गल्ली लाकडात करायची आणि गडहिंग्लजला अक्कांच्या घरी पोचवायची. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, आण्णांना ह्याच गल्लीत वाढवलं ते ह्या अक्कांनीच.

गल्ली झाली सात फूट लांब, तीन फूट रुंद. चढ आला, नळ आला, तालमीचा कट्टा आला. माझ्या दारातली तुटकी पायरीसुद्धा तुटकीच आली. म्हटलं, "आण्णा, एवढी तरी नीट करा की." तर म्हणतात, "तू आधी खरी नीट कर, मग बघू."

रंगाचा मात्र एक फराटा नाही, मी कितीही मागं लागलो तरी. आणि "दोन तुकडं करून नेऊ, तिथं जोडू" म्हटलं की भडकायचे. "सांधा बोटाला लागतो," एवढंच बोलायचे. कुणाच्या बोटाला, ते नाही. मी म्हटलं जाऊ दे, स्वभावाला औषध नाही.

टेम्पोचा हौदा तीनदा मोजला. अक्कांच्या दाराचं माप कागदावर लिहून खिशात ठेवलेलं. खाली गादी, कडेनं उशा, वर माझ्या लग्नातली रजई. गतिरोधक आला की आण्णा माझा दंडच धरायचे, "हळू. गल्ली हाय आत." निपाणीच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. इतकी वर्षं टेम्पो चालवतोय, अशी लाज कधी वाटली नव्हती.

गडहिंग्लजला पोचलो आणि तिथंच माशी शिंकली. भाच्यानं दाराला नवीन लोखंडी जाळी बसवलेली. चार बोटं कमी पडली, गल्ली परत टेम्पोत ठेवली. गल्ली कलती करावी तर कौलं पडणार. भाचा करवत घेऊन आला. "मामा, मधनं कापू, लगेच जोडून देतो."

आण्णा टेम्पोच्या फाळक्याला धरून मटकन खाली बसले. "मग आणली कशाला म्हणायची," म्हणाले.

आतनं आवाज आला, "दत्त्या, काय झालं रं?"

"अक्का, गल्ली दारात अडकली."

आत खाट कुरकुरली. मग, "थांब. मीच येतो."

भाच्यानं करवत खाली ठेवली. "नजर गेल्यापासनं आई उंबऱ्याबाहेर आल्याली न्हाय," तो हळूच म्हणाला. "दोन वर्सं झाली." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने मी त्या माणसाला रंगावरून छळत होतो.

अक्का भिंत धरून आल्या. फाळक्याशी उभं राहून हात पुढं केले. बोटं चढाला लागली, नळापाशी गेली, कट्ट्यावरून फिरली आणि एका जागी थांबली.

"ही पायरी अजून तुटकीच हाय व्हय? कोण ऱ्हातंय हितं?"

मी मान खाली घातली, त्यांना दिसणार असल्यासारखी.

बोटं शेवटच्या, आण्णांच्या घराशी पोचली. दारावर बराच वेळ राहिली.

"दार उघडं ठेवलंयस, दत्त्या."

"बंद केल्यावर तू येशील कशी?"

अक्कांनी चाचपडत आण्णांचं डोकं शोधलं आणि लहान पोरासारखं कुरवाळलं. "दिवाळीला घिऊन चल मला," म्हणाल्या. साठी ओलांडलेला म्हातारा तिथं रस्त्यावर हुंदके देऊन रडला. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

परत येताना मी सिमेंटचं पोतं आणलं होतं. ते तसंच पडून आहे. पायरी आता दिवाळीनंतर बघू. अक्कांच्या पायाला ओळख पटायला हवी.