उलट्या इंजिनाचे आठ पिस्टन

आदगोंडा मगदूम सकाळी देवळातून घरी आले, तेव्हा घरकामाच्या बनाबाईंनी इंजिनाचे आठही पिस्टन भांड्यांच्या साबणानं लख्ख घासून मांडणीवर पेल्यांच्या शेजारी उपडे घातले होते.

"बनाबाई, हे काय केलंसा?"

"लय काळंकुट्ट हुतं वो. मागच्या दारात ठेवलं हुतं न्हवं तुमी? मला वाटलं, घासाय ठेवलंय."

"आवं, त्यावर खडूच्या खुणा हुत्या!"

"त्या बी निघाल्या," बनाबाई अभिमानानं म्हणाल्या.

आदगोंडांनी एक पिस्टन हातात घेतला. माधवनगरच्या त्यांच्या गॅरेजमध्ये चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं उघडली गेली होती, पण इतका स्वच्छ पिस्टन त्यांनी कधी पाहिला नव्हता. काजळी गेल्यामुळं त्याच्या डोक्यावर कोरलेला बाणही स्पष्ट दिसत होता. कुठला पिस्टन कितवा, हे आतल्या बाजूला ठोकलेल्या आकड्यांवरून कळत होतं. पण त्याचं तोंड इंजिनात कुणीकडं होतं, ते फक्त खडूला माहीत होतं.

गुणमाला घरी असती, तर हे झालंच नसतं. नवऱ्यानं इंजिन उघडलं की ती शेजारी बसायची आणि निघेल त्या भागावर नेलपॉलिशनं खूण करायची. ते पॉलिश रॉकेलनंसुद्धा निघत नसे. पण सून प्रीतीच्या बाळंतपणासाठी चार महिन्यांच्या बोलीवर पुण्याला गेलेल्या गुणमालाला आता अकरा महिने झाले होते. आधी बाळाला कळायला लागू दे म्हणून, मग बसायला लागू दे म्हणून, मग प्रीतीचं ऑफिस सुरू झालं म्हणून. आदगोंडांनी एकदाही "ये" म्हटलं नव्हतं. नातवाच्या आड कसं यायचं?

इंजिन होतं आकारामचं. कोयनेच्या बॅकवॉटरवर बामणोलीच्या बाजूला तो पर्यटकांची बोट चालवायचा. उंब्रजमार्गे टेम्पोतून इंजिन आणून उतरवताना त्यानं बजावलं होतं, "मामा, बोटीला दोन इंजिनं हायती. एक सुलटं फिरतंय, दुसरं उलटं. दोनी एकाच अंगाला फिरली, तर बोट वाकडी वढती. ह्ये उलटं हाय, ध्यानात ठेवा."

आदगोंडांनी ध्यानात ठेवलं होतं. पण हात चाळीस वर्षांचे होते. बाण दिसला की तो इंजिनाच्या पुढच्या तोंडाकडं करायचा, हे हातांना झोपेतसुद्धा येत होतं. हातांनी आठही बाण पुढं केले. चार दिवसांनी इंजिन सुरू झालं आणि आतून कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज येऊ लागला. टॉक, टॉक, टॉक.

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी पुण्याला फोन लावला. या जैन घरात दिवस बुडायच्या आत जेवायची रीत होती; या वेळेला गुणमाला पूर्वी गॅरेजच्या दारात येऊन "सूर्य बुडाय आलाय, चला जेवाय" म्हणायची. आता ते स्वतःच उठून एकट्यानं जेवायचे. सवयीनं दोन ताटं काढायचे आणि एक परत ठेवायचे.

"आवं, बाळ आत्ताच झोपलंय," गुणमाला कुजबुजली. "काय झालं?"

"इंजिन ठोकतंय."

"बाण कुठं केलासा?"

"पुढं. आजपातूर मागं केलाय का कवा?"

"आवं, इंजिन उलटं फिरतंय न्हवं? पिस्टनची पिन मधोमध नसती, जरा एका अंगाला असती, असं तुमीच सांगितलंय मला. इंजिन उलटं फिरलं की ते अंग बी बदलणार. मग बाण मागं नको का?"

हे आपण कधी सांगितलं होतं ते आदगोंडांना आठवेना, पण ते बरोबर होतं.

त्यांनी इंजिन परत उघडलं. आठही पिस्टन त्यांच्या दांड्यांसकट, म्हणजे कनेक्टिंग रॉडसकट, बाहेर काढले, अख्खेच्या अख्खे फिरवले, बाण मागं करून बसवले. या वेळी आवाज आला नाही. कारण इंजिन फिरलंच नाही. हातानं क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवायला गेले, तर तो तसूभर हलेना.

परत साडेपाच वाजले. या वेळी व्हिडिओ कॉल.

"ह्यो बग बाण. उजवीकडं हाय."

"डावीकडं हाय."

"अगं, मला फोनवर उजवीकडं दिसतंय!"

"तुमास्नी तुमचंच आरशागत उलटं दिसतंय. मला सुलटं दिसतंय."

"मग खरं डावं कुठलं गं?"

नेमका त्याच क्षणी भरतेश, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याच्या फ्लॅटमध्ये गुणमाला बोलत होती त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला होता. वडील डावं कुठलं विचारताहेत हे त्यानं ऐकलं आणि ग्लास तसाच ठेवला.

"रॉड दावा," गुणमाला म्हणाली. "त्याची एक कड तासलेली असती बगा. ती कुणीकडं गेली?"

"शेजारच्या रॉडकडं."

"तिथंच अडलंय. ती कड भाईरच्या अंगाला, क्रँकच्या गालाकडं पायजे. तुमी रॉड कशाला फिरवलासा? रॉड हुता तसाच ठेवायचा. पिन काढून पिस्टन तेवढा एकटा फिरवायचा."

"आस्सं व्हय," आदगोंडा म्हणाले. खरं तर हे त्यांना सकाळी नऊ वाजताच कळलं होतं. तेव्हापासून ते साडेपाच वाजायची वाट बघत होते.

"अजून काय?" गुणमालानं विचारलं.

"अजून काय न्हाई. बाळ जेवतंय का?"

"जेवतंय. तुमी?"

"जेवतोय की."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही. शेवटी आतून बाळ रडलं.

इकडं भरतेशला झोप लागेना. त्यानं इंटरनेटवर वाचलं की वय झालं की माणसं आधी दिशा विसरतात. दुसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप बनाबाईंना फोन केला.

"बनाबाई, आप्पा कसे आहेत?"

"बरं हायती. बोलत्यात लय."

"कुणाशी?"

"एकट्यानंच. काल एक पिस्टन हातात धरून म्हणत हुते, सांग की गं, तोंड कुणीकडं करू? आन जेवताना दोन ताटं घेत्यात."

भरतेशनं त्याच तासाला पुण्यातल्या एका मेंदूच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली. शनिवारी सकाळी तो गाडीत बायको, बाळ आणि आई यांना घालून निघाला आणि दुपारी माधवनगरला पोचला. आदगोंडा गॅरेजच्या दारात आले. बाळाला घ्यायला त्यांनी हात पुढं केले, पण नजर गाडीच्या मागच्या दारातून उतरणाऱ्या गुणमालावर होती. ती वाळली होती. केसांत पांढरं जास्त दिसत होतं.

"आलीस व्हय," ते म्हणाले. अकरा महिने याहून बरं काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं.

चहा झाल्यावर भरतेशनं घसा खाकरला. "आप्पा, आज वार कोणता?"

"शनवार. का?"

"सहज. आणि या कागदावर एक घड्याळ काढाल? सव्वा दहा वाजलेलं."

आदगोंडांनी पेन घेतलं, जरा विचार केला आणि विचारलं, "कुठनं बघून काढू? फुडनं, का मागनं, फ्लायव्हीलकडनं?"

भरतेशनं बायकोकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. "बघ. काय म्हणत होतो मी?"

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर, सोमवार, आणि त्यानंतर आप्पांनी पुण्यातच राहायचं, गॅरेज बंद करायचं. आदगोंडा आधी चिडले, मग त्यांनी मनात हिशेब केला. पुण्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. तिथं पाना ठेवायलासुद्धा जागा नव्हती. पण तिथं गुणमाला होती.

"थांब जरा," गुणमाला मुलाला म्हणाली. "ते उलटं इंजिन ह्यांनी परत बांधलंय. ते चालू झालं आन नीट फिरलं, तर डोकं जाग्यावर हाय म्हणायचं. न्हाई झालं, तर न्या डॉक्टरकडं. पटतंय?"

भरतेशला पटलं. तोही शेवटी याच गॅरेजमध्ये वाढला होता.

सगळे गॅरेजमध्ये आले. लोखंडी घोडीवर इंजिन बसवलं होतं. आदगोंडांनी बॅटरीची वायर हातात घेतली आणि क्षणभर थांबले. वायर जरा सैल ठेवली, की झालं. इंजिन चालू होणार नाही. सोमवारी पुणे. सकाळ-संध्याकाळ गुणमाला समोर. त्यांचा अंगठा नटवर तसाच राहिला. मग त्यांनी नट घट्ट आवळला. बिघडलेलं इंजिन दुरुस्त केलं होतं आजवर, चांगलं इंजिन बिघडवणं त्यांच्याच्यानं झालं नाही.

बटण दाबताच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मऊ, सलग, एका लयीत. टॉक नाही की टिक नाही. बाळ टाळ्या वाजवू लागलं. आदगोंडांनी इंजिनाकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मानलं, आप्पा!" भरतेशनं त्यांना मिठीच मारली. "एकदम ठणठणीत आहात तुम्ही. डॉक्टरची गरजच नाही. मी उगाच घाबरलो. आई, तू बॅग उघडूच नकोस, उद्या सकाळीच निघू आपण."

इंजिन चालूच होतं. आदगोंडा फडक्यानं हात पुसू लागले. हात स्वच्छ होते, तरी पुसत राहिले.

"वास येतोय," गुणमाला म्हणाली.

"कसला?" भरतेशनं विचारलं.

"जळक्या तेलाचा. कुठंतरी गळतंय."

आदगोंडांनी दचकून इंजिन बंद केलं. "वास? न्हाई गं. गळंल कसं? सगळी गॅस्केटं नवी घातल्यात मी."

गुणमालानं त्यांच्याकडं असं पाहिलं, की शहाण्या माणसाला त्यात सगळं समजलं असतं. आदगोंडा मात्र वाकून इंजिनाखाली बोट फिरवत होते.

"कोरडं हाय," ते म्हणाले. "बग, बोटाला कायबी लागलं न्हाई."

"मला येतोय म्हणते न्हवं!"

भरतेशनं नाक वर करून दोन-तीनदा हुंगलं. "मला तर नाही येत."

प्रीतीनं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तिनं सासूकडं पाहिलं, मग इंजिनाखाली शिरू पाहणाऱ्या सासऱ्यांकडं पाहिलं. "मला येतोय," ती म्हणाली. "चांगलाच येतोय. आई, हे असं अर्धवट टाकून कसं यायचं तुम्ही? माझी आई म्हणतच होती, महिनाभर येते म्हणून. तिला बोलावते मी."

"पण प्रीती..."

"भरतेश, तुला सर्दी आहे."

रविवारी सकाळी गाडी पुण्याला निघाली. बाळानं काचेतून हात हलवला. गाडी वळणावर दिसेनाशी होताच आदगोंडा घाईघाईनं गॅरेजमध्ये गेले आणि पोत्यावर आडवे होऊन इंजिनाखाली सरकले. गुरुवारी आकारामचा टेम्पो यायचा होता आणि गुणमालाचं नाक आजवर कधी चुकलं नव्हतं.

"बॅटरी दाव गं जरा हितं."

गुणमाला स्टूल ओढून बसली आणि तिनं बॅटरीचा उजेड सांगितल्या जागी धरला.

तासभर गेला. आदगोंडांनी प्रत्येक नट, प्रत्येक सांधा तपासला. सगळं कोरडंठाक होतं. खालूनच त्यांनी काळजीनं विचारलं, "अगं, नक्की कुठनं येत हुता वास? फुडनं का मागनं?"

"आठवंना बाई आता," गुणमाला म्हणाली. "मागनं बगा जरा."

ते मागं सरकले. तिनं स्टूल मागं घेतलं.

"काय बी दिसंना गं."

"सापडंल की," ती म्हणाली आणि उजेड जरासा त्यांच्या चेहऱ्याकडं वळवला. "घाई काय हाय?"