तठे पाणी पुरवणारे नाना

नवा फ्रिज घेतला तेव्हा शेजारच्या नानांना कौतुकानं पाहायला बोलावलं. त्यांनी दार उघडलं, आत हात घालून गारवा पाहिला आणि म्हणाले, “हाई तठे काय कामनं? तठे बाहेर बठ्ठा फ्रिजच शे.”

आमच्या अहिराणीत ‘बठ्ठा’ म्हणजे सगळा, ‘तठे’ म्हणजे तिथे. आणि तिथे म्हणजे मंगळावर.

नाना आमच्या धुळ्यात पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह फिरवून निवृत्त झालेले. माणूस परग्रहावर राहायला जाणार हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून त्यांना एकच काळजी. तिथलं पाणी कोण सोडणार? धुळेकरांवर मात्र त्यांचा विश्वास. “आठ दिवसांचं पाणी भरून ठेवणारी माणसं आपण. आपण टिकू. पुण्याचा माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार करील.”

गेल्या हिवाळ्यात त्यांनी परसात प्लास्टिकच्या कापडाची खोली उभारली. आत केळी, पालक, मेथी, एक खाट आणि मोजून दोन हंडे पाणी. पाच दिवस आत राहायचं, बाहेरून थेंबही घ्यायचा नाही. झाडांनी सोडलेली वाफ कापडावर जमेल, ती पन्हाळीतून घागरीत उतरेल, तेच प्यायचं. कापडाच्या कडा त्यांनी मातीत पुरून घेतल्या आणि नानींना बजावलं, “हवासुद्धा आतलीच.”

गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली. नाना आतून हात हलवत. नानी ओट्यावर मेथी निवडत बसायच्या आणि विचारणाऱ्याला सांगायच्या, “गावले गयात. पाच दिनमा येतीन.”

चौथ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर वाळवण उलटायला गेलो. खाली नानी खोलीच्या मागच्या बाजूला वाकलेल्या दिसल्या. त्यांनी माती उकरली, कापडाचा कोपरा वीतभर उचलला आणि तसाच धरून बसून राहिल्या. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“मानुसले वारा नको का?” संध्याकाळी त्या मला म्हणाल्या. “त्यास्ले सांगू नका.”

पाचव्या दिवशी नाना बाहेर आले. दाढी वाढलेली, चेहरा तजेलदार. माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं. उन्हात सगळं कापड आतून थेंबांनी भरलं होतं. एकेक थेंब फुगत होता, घरंगळत होता, पन्हाळीत टपटपत होता. नानांनी घागरीतून पेला भरून माझ्या हातात दिला.

“परवा हेच पाणी मी झाडांना घातलं होतं,” ते हळू आवाजात म्हणाले.

मी प्यायलो. साधं पाणी, किंचित पानांच्या वासाचं. पण उद्या कुठल्याशा लाल, ओसाड जमिनीवर एखादी बाई आपल्या लेकराला असंच पाणी पाजील, हे मला पहिल्यांदाच खरं वाटलं.

“आणि हवा, नाना? हवा पुरली?”

नानांनी बाहेर पाहिलं. नानी चुलीवर त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवत होत्या.

“ती मागचा कोपरा उचलायची,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी कळलं मला.”

“मग बोलला का नाहीत? प्रयोग फुकट गेला ना.”

“गेला,” नाना म्हणाले. “पण बोललो असतो, तर ती तिथे येऊन बसली नसती.”