वाक्प्रचारांचं मूळ गाव

आमच्या धुळ्याच्या कॉलनीत नानांसमोर इंग्रजी बोलायला कुणी धजत नाही. चुका काढतात म्हणून नव्हे. नाना गाव विचारतात. नवा माणूस दिसला की खानदेशात पहिला प्रश्न 'गाव कोणतं?' हाच असतो. नाना तो इंग्रजी वाक्प्रचारांनाही विचारतात.

मी एकदा सहज म्हणालो, "नाना, घाईत आहे, आज ऑफिसात डेडलाइन आहे." झालं! नानांनी मला स्कूटरवरून उतरवलं.

"कोणता गावनी शे ती?"

मला काय ठाऊक! मग त्यांनीच सांगितलं: अमेरिका. तिथल्या युद्धकैद्यांच्या तुरुंगात एक रेघ असायची. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा.

"तुना साहेब गोळी घाली का?"

"नाही."

"मंग बस. चहा पी."

साहेबांनी गोळी घातली नाही, एवढंच.

नाना मूळचे दोंडाईच्याचे. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवर, प्रवाशांच्या विसरलेल्या सामानाच्या खोलीत गेली. कुठली पिशवी कुठल्या गावची, याचा छडा लागेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तसंच रजिस्टर वाक्प्रचारांसाठी उघडलं. 'व्हाइट एलिफंट'पुढे 'सयाम, राजवाडा' अशी नोंद आहे. कुत्र्या-मांजरांच्या पावसाचं मूळ मात्र सापडलं नाही. तिथे तांबड्या शाईत 'बेवारस'. ते पान आलं की नाना खट्टू होतात.

"बठ्ठास्ले गाव ऱ्हास, भाऊ. आपलेच सापडत नही." गाव सगळ्यांनाच असतं, आपल्यालाच ते सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेवढ्यात कॅनडाहून त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर सहा वर्षांची नात आली, इरा. तिला नानांनी अजून फोनवरच पाहिलंय. सवयीने त्यांनी विचारलं, "काय बाई, गाव कोणतं?"

"टोरंटो!"

मी हसलो. नाना हसले नाहीत. फोन ठेवून त्यांनी रजिस्टर काढलं आणि बराच वेळ लिहीत बसले. मग चष्मा पुसायला आत गेले. मी वाकून पाहिलं आणि हसल्याची मला लाज वाटली. कोऱ्या पानावर एकच नोंद होती.

'इरा. सध्या मुक्काम टोरंटो. मूळ गाव दोंडाईचा.'

पुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बेवारस नाही. घरचा माणूस वाट पाहत आहे.'