याकूबचाचांच्या घराची उजवी बाजू

आमच्या समोरच्या घरात उजव्या खिडकीत कुणी टॉवेल वाळत घातला, की डाव्या बाजूला राहणाऱ्या याकूबचाचांची धावपळ सुरू होते. तेही लगेच आपल्या खिडकीत टॉवेल टांगतात. रंगसुद्धा तोच लागतो. नाहीतर चाचीचं कपाट उलथंपालथं!

चाचांच्या आजोबांनी मुंबईतली कुठलीशी साहेबी इमारत पाहून हे घर बांधलं. उभ्या भिवंडीत असं दुसरं मी पाहिलेलं नाही. समोर घडीव काळा दगड, मधोमध दार, दारावर अर्धगोल काच आणि दोन्ही अंगांना मोजून सारख्या उंच खिडक्या. डावी बाजू चाचांची, उजवी त्यांच्या धाकट्या भावाची, इस्माईलची. चाचांचं पालुपद एकच, “इकडे तसं तिकडे! सर, दगडाची पण इज्जत असते.”

इस्माईलने डिश अँटेना लावली, तेव्हा चाचांनी भंगारातली मोडकी डिश आणून आपल्या बाजूला ठोकली. यांच्याकडे टीव्हीच नव्हता! इस्माईलला वाटलं, भाई आपली टर उडवतात. बोलणं तुटलं ते तुटलंच. घ्या, एका डिशपायी सख्खे भाऊ!

मागच्या वर्षी इस्माईलच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मग त्याचे कापडाचे लूम कोण चालवणार? ते बंद पडले. शेवटी त्याने खालची खोली मोबाईलच्या दुकानाला भाड्याने दिली. दुकान म्हणजे शटर आलं, आणि शटर म्हणजे दगडी भिंत फोडणं आलं.

फोडकाम सुरू झालं तशी गल्ली जमली. “नालायक! आजोबाच्या घराचं तोंड फोडलं,” कुणीतरी ओरडलं. इस्माईल पायरीवर मान खाली घालून बसला होता. आता चाचा याला फाडून खाणार, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मला ते हवंच होतं. रोज सकाळी दार उघडलं की तो दगड दिसायचा, माझाही जीव होता त्याच्यावर.

चाचा बाहेर आले आणि गवंड्याला म्हणाले, “इधर का हो गया, तो मेरे बाजू का भी तोड.”

मी धावलो. “चाचा, वेड लागलं काय? तुम्हाला कुठे दुकान काढायचंय?”

“नाही.”

“मग? जन्मभर जपलंत ना हे!”

चाचांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे भरले होते.

“सर, बीमार आहे तो. सगळी गल्ली त्याला एकट्याला शिव्या देते. दोन्ही बाजू फुटल्या, तर अर्ध्या तरी मला देतील.”