निंबाभाऊ हळू बोलतात

"सोमवारपासून आपण एसीमा!"

निंबाभाऊंनी ही बातमी फक्त शोभाबाईंच्या कानात सांगितली होती. एकदम गुपित! पण त्यांचं बोलून होतं न होतं तोच समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी ओरडलं, "निंबाभाऊ, पेढे कधी?" गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या उषाबाईंनी तर वरूनच अभिनंदन करून टाकलं.

यात निंबाभाऊंचा काही दोष नव्हता. अमळनेरकडून सुरतेला आले ते थेट बमरोलीच्या लूमच्या खात्यात शिरले. खातं म्हणजे कापड विणायचा कारखाना. माग सुरू झाले की जणू कुणी पत्र्याच्या छपरावर नारळाची पोतीच्या पोती रिकामी करतंय! तिथे साधं 'सरक' म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. नाहीतर नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. निंबाभाऊंना दोन्ही भाषा उत्तम यायच्या. घरी मात्र ओरडायचीच वापरायचे. त्यांनी जेवताना मीठ मागितलं की खालच्या मजल्यावरची सून मीठ घेऊन वर यायची!

आता त्यांच्या नशिबाने उचल खाल्ली होती. मोठ्या शेठचा, म्हणजे मनहरशेठचा, मुलगा कौशलभाई कुठल्याशा हॉटेलातलं शिबिर करून आला होता. तिथे त्याला कळलं, की माणसाला एकाच जागी बांधून ठेवलं तर तो शिकत नाही. "निंबाभाई, तुम अब ऑफिस आओ. नवीन वातावरण, नवीन शीखवानुं!" त्याने जाहीर केलं. महिनाभर जमलं तर कायमची खुर्ची. नाही जमलं तर? तर काही नाही! खात्यातली त्यांची मुकादमी त्याने त्याच दिवशी हाताखालच्या सुपडूला देऊन टाकली होती.

म्हणजे मागची शिडी काढून घेतलेली. निंबाभाऊ तरी खुशीत होते. गुडघे बोलायला लागले होते, आणि वरून एसी!

सोमवारी रिंग रोडच्या मार्केटातल्या ऑफिसात ते पांढरा शर्ट घालून हजर झाले. गादीवर जयपूरचे एक व्यापारी कापड बघत बसले होते. निंबाभाऊंना वाटलं, आपणही उपयोगी पडावं. ते कौशलभाईच्या कानाशी वाकले, तोंडावर हात धरला आणि कुजबुजले, "शेठ! ह्यांना तो डाग पडलेला माल दाखवायचा ना?"

जयपूरवाल्यांच्या हातातला चहा शर्टावर सांडला. शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. जिन्यातला हमाल गठ्ठा खाली ठेवून म्हणाला, "कौनसा दाग?"

जयपूरवाले गेले. कौशलभाई मात्र चिडला नाही. शिबिरात चिडायला बंदी होती. त्याने ऑफिसभर पाट्या लावल्या, 'हळू बोला, मन शांत ठेवा', आणि नियम केला, की यापुढे सगळ्यांनी कुजबुजायचं. निंबाभाऊंना एकट्याला सांगितलं तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून सगळ्यांना शिक्षा!

घरी लेक हर्षदाने शिकवणी घेतली. "पप्पा, समजा बाजूला तान्हं बाळ झोपलंय. आता बोला."

"झोपलं का बाळ?"

गल्लीतली दोन खरी बाळं उठली.

"त्यापेक्षा तुम्ही बोलूच नका ना!" हर्षदा रडवेली होऊन म्हणाली. हा सल्ला निंबाभाऊंना एकदम पटला. आवाज बंद, ओठ आणि हात चालू! ती भाषा तर त्यांना पाठच होती.

दुसऱ्या दिवशी एक जुने दलाल ऑफिसात आले. बघतात तो काय, सगळे माना खाली घालून कुजबुजतायत. हिशेब बघणारी वैशाली नुकत्याच झालेल्या सर्दीने नाक पुसतेय. दारात निंबाभाऊ पांढऱ्या शर्टात हात जोडून उभे. एक शब्द नाही!

दलाल दारातच थबकले. "मोठा शेठ क्यां छे?" त्यांनी घाबरत विचारलं.

मनहरशेठ वरच्या मजल्यावर माल तपासायला गेले होते. निंबाभाऊंनी नियम पाळला. शांतपणे बोट वर केलं.

"अरेरे! क्यारे?"

निंबाभाऊंनी ओठ हलवले, आत्ताच. दलालांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि निघून गेले. निंबाभाऊंना वाटलं, किती प्रेमळ माणूस!

दुपारी माणसं यायला लागली. पांढरे कपडे, उतरलेले चेहरे. एवढं मोठं गिऱ्हाईक आणि तेही इतकं शिस्तीचं! निंबाभाऊंनी गाद्या अंथरल्या, पाणी फिरवलं. नेमका कौशलभाई बँकेत गेलेला. वैशाली कुजबुजत विचारू लागली, "काका, हे कोण?" निंबाभाऊंनी हातानेच सांगितलं, बस, सगळं नीट चाललंय.

कोणीतरी हार आणला. तो कुठे घालावा हे कळेना, म्हणून निंबाभाऊंनी तो कॅलेंडरवरच्या गणपतीला घातला.

आणि मनहरशेठ जिन्यावरून खाली आले!

पुढच्या रांगेतल्या एका काकांची शुद्ध हरपली. दोघे दाराकडे पळाले. मनहरशेठ एवढं गिऱ्हाईक बघून हरखले. "अरे वाह! आजे तो घराकी घराकी!" मग त्यांनी पांढरे कपडे पाहिले, हार पाहिला, शुद्धीवर येणाऱ्या काकांना विचारलं, "कोण गयुं?"

काकांनी बोट त्यांच्याकडेच दाखवलं.

संध्याकाळी सभा बसली. मनहरशेठ म्हणाले, याला उद्याच्या उद्या घरी पाठवा. पण कौशलभाई उठला. "पप्पा, माणूस नाही बदलवानो. वातावरण बदलवानुं!" आणि त्याने काय करावं? ऑफिसातल्या सगळ्यांसाठी कानात घालायचे पिवळे मऊ बोळे मागवले. मोठं खोकंभर! निंबाभाऊंनी हवं तसं बोलावं, बाकीच्यांनी बोळे घालावेत.

मग ऑफिसात जे सुरू झालं त्यापेक्षा खातं बरं होतं! बोळे घातलेली माणसं एकमेकांवर ओरडू लागली. वैशाली फोनवर किंचाळायची, पलीकडचा किंचाळायचा. शेवटी एका दुपारी ती वैतागून निंबाभाऊंच्या पाठीमागे उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "काका, तुम्हाला ऐकायलाच येत नाही का?"

निंबाभाऊ वळले नाहीत. ती समोर येऊन पुन्हा बोलली, पण तोंडापुढे फाईल धरून. निंबाभाऊ म्हणाले, "कतारगामला? आज नाही जायचं."

वैशालीने फाईल खाली घेतली. तिचा राग उतरला. कोणी काही बोललं की काका आधी त्याच्या तोंडाकडे का बघतात, हे तिला आत्ता उमगलं.

शनिवारी हर्षदा त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली. "कारखान्यात कानात काय घालायचात?"

"तेल. कधीमधी."

"आणि मालक काय द्यायचे?"

"दिवाळीला मिठाई!" निंबाभाऊ अभिमानाने म्हणाले.

कान निम्म्याहून जास्त गेले होते, आणि गेलेले परत येत नाहीत, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. हर्षदाने तिथेच त्यांच्या कानात ऐकू येण्याची मशीन बसवून घेतली. त्या संध्याकाळी निंबाभाऊ घरी खुर्चीत नुसते बसून होते. पंखा कुरकुरत होता. शोभाबाई कणीक मळताना बांगड्या वाजवत होत्या.

"तू काम करताना गाणं म्हणतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"लगीन व्हयनं तधळपासून!" शोभाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत पुन्हा कणकेकडे वळल्या.

सोमवारी ते ऑफिसात जायच्या आधी खात्यात गेले. जुन्या दोस्तांना मशीन दाखवावी म्हणून. दार ढकललं आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही कानांवर हात! हाच आवाज? ह्यातच आपण डबा खायचो? डुलकी काढायचो?

"सुपडू!" ते ओरडले. "रोज एवढा आवाज असतो?"

सुपडू त्यांच्या ओठांकडे बघत हसला. "कसाना आवाज?"

निंबाभाऊ तडक ऑफिसात गेले. कौशलभाईसमोर उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा सभ्य आवाजात बोलले, "शेठ, ते बोळे खरं तर खात्यात पाहिजेत. खोकं घेऊन जाऊ?"

कौशलभाईच्या कानात बोळे होते. निंबाभाऊ हळू बोलताहेत, एवढंच त्याला दिसलं. त्याचे डोळे भरून आले. शिबिराचा विजय! त्याने जोरजोरात मान डोलावली.

खोकं रिक्षातून बमरोलीला पोचलं. निंबाभाऊंनी स्वतः एकेकाच्या कानात बोळे बसवले, सुपडूपासून शेवटच्या कारागिरापर्यंत. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजवर त्यांच्या कानांना एवढी शांतता एकाच कारणाने मिळायची.

"लाईट गयी!" सुपडू आनंदाने ओरडला.

आणि अख्खं खातं टॉवेल झटकत, चालते माग तसेच सोडून, चहाला निघून गेलं!

निंबाभाऊ एकटेच आत उरले. इकडचा धागा तुटला, तिकडचा ताका गुरफटला. ते या मागाकडून त्या मागाकडे धावत बटणं बंद करत सुटले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नव्या मशीनमुळे तो त्यांना चक्क ऐकू आला. कौशलभाई!

"निंबाभाई! खोकं क्यां छे? अने खातामां आ शुं चाले छे?"

निंबाभाऊंनी फोन कानापासून दूर धरला. दुसऱ्या हाताने मशीन काढून खिशात टाकली आणि चहाच्या टपरीकडे चालू लागले.